गाडीचा स्टेथोस्कोप: रेस दिली की गाडी ओरडते, त्याचं कारण या नळीने कितपत सापडतं

पहिले दोन दिवस मी हा उलटा घालत होतो. म्हणजे कानात घालायच्या त्या दोन वाकड्या नळ्या असतात ना, त्यांची टोकं पुढे, नाकाच्या दिशेला यायला पाहिजेत, कारण कानाचं भोक आत जाताना जरा पुढे वळतं, आणि मी टोकं मागे करून घालत होतो त्यामुळे काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं आणि एक स्टार देऊन परत पाठवायच्या बेतात होतो. बायको नर्स आहे. तिने बघितलं, काही न बोलता माझ्या कानातून काढला, फिरवला, परत घातला. तेव्हा कुठे इंजिन ऐकू आलं आणि असं ऐकू आलं की मी दचकून मागे सरकलो.

तर वस्तू काय ते आधी. डॉक्टरांचा असतो तसाच, फक्त छातीवर ठेवायची चकती असते तिथे एक छोटी धातूची डबी आणि त्या डबीला आटे असलेली वीतभर लांब स्टीलची सळई. सळईचं टोक ज्या भागावर टेकवाल त्याच्या आतला आवाज कानात येतो. सळई काढून टाकली की नुसती नळी उरते, आणि ही सोय खोक्यावर कुठेही मोठ्या अक्षरात लिहिलेली नाही पण माझं अर्ध्याहून जास्त काम त्यानेच झालं, ते पुढे येईलच. १८१६ साली लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली तिथून हे सगळं सुरू झालं म्हणतात, आणि खरं सांगायचं तर हे उपकरणही त्याच्या फार पुढे गेलेलं नाही. बॅटरी नाही, चार्जिंग नाही, अ‍ॅप नाही. मला तेच आवडलं.

घेतला कशासाठी? आमची गाडी साधी पेट्रोलची, चार सिलिंडर, गिअरवाली, पुढच्या चाकांवर ओढणारी. तक्रार अशी की अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला की घर्रर्रर्र असा जाडाभरडा आवाज, त्यातून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात १८०० ते २५०० आरपीएमच्या (म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे) मध्ये एवढा की शेजारच्याशी बोलायचं तर आवाज चढवावा लागायचा, आणि पाय काढला की एकदम गप्प, जसं काही झालंच नाही. एका गॅरेजात नेली, नाव लिहीत नाही. त्याने बोनेटसुद्धा उघडलं नाही, मागे उभा राहून दोनदा रेस द्यायला लावली, सायलेन्सरवर एक बुक्की मारली आणि म्हणाला आतून गेलाय, बदलू. बदलला. नवाकोरा चकचकीत सायलेन्सर लागला आणि आवाज जसाच्या तसा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. परत नेली तर म्हणे साहेब गाडीला वय झालं की एवढं वाजणारच.

वय झालं म्हणून फक्त रेस दिल्यावर वाजते आणि पाय काढला की तरुण होते, हे काही मला पटेना. म्हणून हा मागवला.

पण एक आधीच सांगतो, हा कानाला लावायच्या आधी जे करायचं असतं ते फुकट असतं, आणि ते न करता तुम्ही थेट सळई घेऊन बोनेटमध्ये घुसलात तर वेड लागायची पाळी येईल. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो का गाडीच्या वेगाबरोबर, एवढंच आधी पक्कं करा. मोकळा रस्ता बघून ५० च्या वेगाला तिसऱ्या गिअरात चालवा आणि मग त्याच ५० ला चौथ्यात. चाकं तेवढीच फिरतायत पण इंजिनाचे फेरे कमी झाले. आवाजाचा सूर खाली आला तर भानगड इंजिन किंवा एक्झॉस्टकडे, आणि आवाज तसाच राहिला तर चाक, बेअरिंग, टायर असल्या फिरत्या गोष्टींकडे. मग गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस द्या, तिथेही वाजली तर गाडी चालायची गरजच नाही, उभ्या उभ्या शोधता येईल. शेवटी चालत्या गाडीत क्लच दाबून बघा, आवाज गेला की राहिला (इंजिन बंद करायचं नाही हां, ब्रेकचा बूस्टर जातो आणि किल्ली काढली तर स्टेअरिंगही अडकतं). माझ्या गाडीत आवाज फेऱ्यांबरोबर चढत होता, क्लच दाबला की जात होता आणि न्यूट्रलमध्ये येत होता पण निम्माच. म्हणजे इंजिनाच्या बाजूचा आणि लोड (गाडी ओढायचा जोर) आला की वाढणारा. एवढं कळल्यावर निम्मी गाडी संशयातून सुटली, हे सगळं खुर्चीत बसून आणि एक नटही न फिरवता.

आणखी एक युक्ती, लांबलचक भिंतीच्या कडेने काच खाली करून जरा रेस देत गाडी न्या, भिंत आवाज परत फेकते आणि एरवी पत्र्याखाली दबलेला आवाज साफ ऐकू येतो. एकदा भिंत डावीकडे ठेवून आणि एकदा उजवीकडे. माझा पुढून, पायाजवळून येत होता. मागचा सायलेन्सर बदलून गेलेला माणूस मला तेव्हा फार आठवला.

आता स्टेथोस्कोप. इंजिन चालू, बोनेट उघडं, आणि पहिला अनुभव म्हणजे सगळंच बिघडलेलं वाटतं. खरंच. अल्टरनेटरवर टेकवला तर आत वाळू दळल्यासारखं, वॉटर पंपावर खळखळ, वरच्या झाकणावर शिलाई मशीन, इंजेक्टरवर टिक टिक टिक. मी पहिल्या दहा मिनिटांत पाच पार्ट बदलायची यादी मनात केली होती. धातूतून आवाज लांबवर जातो, त्यामुळे एका ठिकाणचा खडखडाट चार ठिकाणी ऐकू येतो, आणि चांगल्या बेअरिंगचा आवाज कसा असतो हे माहीत नसेल तर वाईट कसा ओळखणार? म्हणून तुलना करायची. एक पुली ऐकली की लगेच दुसरी, एक इंजेक्टर ऐकला की उरलेले तिन्ही, आणि जमलं तर कुणाच्या तरी ठणठणीत गाडीवर अर्धा तास नुसतं ऐकत बसायचं. मी भावाच्या गाडीवर बसलो. तो म्हणाला काय रे झालंय काय माझ्या गाडीला, म्हटलं काही नाही, तिचं काही नाही म्हणूनच ऐकतोय.

तुलनेत एक आयडलर पुली सापडली, म्हणजे बेल्टला नुसता आधार देणारी, तिच्यात बाकीच्यांपेक्षा स्पष्ट खरखर होती. झालं, चोर सापडला म्हणून मी खूश. बेल्ट काढून ठेवला आणि इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवलं (जास्त नाही, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो), रेस दिली आणि घर्रर्रर्र तसाच्या तसा. म्हणजे पुलीची खरखर खरी होती पण ती माझी तक्रार नव्हती. या उपकरणाचा सगळ्यात मोठा धोका हाच आहे बघा, ते खोटं बोलत नाही पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देईलच असं नाही.

मग सळई काढली. नुसती नळी, टोक उघडं, ती काहीतरी हुंगत फिरल्यासारखी एक्झॉस्टच्या पाइपाच्या कडेकडेने फिरवायची. सळई टेकवून धातूच्या आतली खडखड कळते, पण हवा किंवा धूर फटीतून बाहेर फुसफुसत असेल तर ते उघड्या नळीनेच कळतं. आणि हे काम सकाळी गार इंजिनावर करायचं, दोन कारणं, एक तर मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग) काही मिनिटांत हात भाजेल एवढा तापतो, आणि दुसरं म्हणजे बारीक फट असेल तर धातू तापून फुगल्यावर ती बंद होते आणि आवाज गायब. मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून लीक असेल तर गार असताना टिकटिक येते आणि ती मोजतासुद्धा येते. चार-स्ट्रोक इंजिनात एक सिलिंडर दर दोन फेऱ्यांना एकदा धूर सोडतो, म्हणजे ८०० आरपीएमच्या आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) मिनिटाला ४००, सेकंदाला साडेसहा-सात टिक. तेवढ्याच येत असतील तर एकाच सिलिंडरकडचं लीक. माझ्याकडे टिकटिक नव्हती.

माझं सापडलं ते त्या जाळीच्या पाइपाजवळ. मॅनिफोल्ड आणि पुढच्या पाइपाच्या मध्ये तारांच्या विणीचा एक वीतभर लवचिक तुकडा असतो, फ्लेक्सी पाइप म्हणतात, इंजिन हलतं आणि मागचा एक्झॉस्ट गाडीच्या बॉडीला टांगलेला स्थिर असतो म्हणून मध्ये हा सांधा. नळी तिथे नेली आणि कानात फस्स फस्स फस्स. भावाला मागे बसवून, हातमोजा घालून, मागच्या नळकांड्यावर ओल्या फडक्याने दोन सेकंद दाब द्यायला लावला तर पुढे फुसफुस दुप्पट झाली. जॅकवर नाही, रॅम्पवर चढवून खाली बघितलं (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, मी लिहितोय तेवढ्या वेळात तो सुटतो), तर जाळी एका बाजूने उसवलेली आणि आजूबाजूला काजळीचा काळा फराटा. बुक्की मारून सायलेन्सर बदलणाऱ्या माणसाने एकदा खाली वाकून बघितलं असतं तरी तो फराटा दिसला असता, त्याला स्टेथोस्कोप पण लागला नसता.

लोडवर आवाज का वाढायचा तेही मग कळलं. पाय दाबला की धुराचा लोट आणि दाब वाढतो, वर इंजिन आपल्या जागी थोडं आडवं फिरायला बघतं आणि जाळी ताणून फट आणखी उघडते. न्यूट्रलमध्ये नुसते फेरे वाढतात, ताण तेवढा येत नाही, म्हणून तिथे निम्मा. आणि पुढच्या भागातलं लीक नुसता आवाजाचा त्रास नाही हे लक्षात घ्या, त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, आणि तो बोनेटखालून आत यायला रस्ता शोधतो. डोकं जड होत असेल तर आवाज कुठला ते नंतर शोधा, आधी गाडी चालवणं थांबवा. ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) आधी लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो. माझं अ‍ॅव्हरेज पडलं होतं ते मी ट्रॅफिकच्या माथी मारत होतो.

फ्लेक्सी दुसरीकडे बदलून घेतला, कापून नवा वेल्ड केला. यावर ती एक्झॉस्टची पट्टी आणि पुटी लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, सरळ पाइपाच्या भोकाला ती काही दिवस टिकते, पण हलणाऱ्या तुकड्याला घट्ट प्लास्टर घालून काय होणार. गाडी गप्प. मी या उपकरणाला मनातल्या मनात पाच स्टार देऊन टाकले.

चार महिन्यांनी आवाज परत आला. तोच, त्याच गिअरात, त्याच आरपीएमला.

नळी लावली, तीच जागा, नवी जाळी परत उसवायला लागलेली. मी वेल्डिंगवाल्यावर चिडून गेलो की माल हलका लावला म्हणून, आणि इथे त्या माणसाला मानायला पाहिजे, त्याने वाद घातला नाही, मला म्हणाला बसा आत, हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय घट्ट, रिव्हर्स टाका आणि क्लच जरासाच सोडून परत दाबा, मग पहिला टाकून तसंच करा. स्वतः बाजूला उभा राहिला, गाडीच्या पुढे किंवा मागे नाही. इंजिन एवढं उसळलं की मला आत बसूनसुद्धा धक्का कळला. तो म्हणाला फाउंडेशन गेलंय. इंजिन आडवं बसवलेलं असतं तेव्हा ते पुढे-मागे डोलू नये म्हणून खाली एक हाडासारखा दांडा असतो, दोन्ही टोकांना रबर, त्याचं रबर फाटून लोखंड लोखंडावर आलेलं. इंजिन दरवेळी डोलणार, जाळी दरवेळी ताणली जाणार, तुम्ही दहा पाइप बदलले तरी दहाही तुटणार. दांडा आणि पाइप दोन्ही बदललं, त्याला आता वर्ष उलटून गेलं.

आता परीक्षण म्हणून बघायचं तर फुटकं कुठे ते याने मला बरोबर दाखवलं, दोन्ही वेळा. का फुटलं ते याच्या आवाक्यात नव्हतं. फाटलेलं रबर गाडी उभी असताना काही बोलतच नाही, ते डोळ्यांनी इंजिन उसळताना बघावं लागतं. त्यामुळे माझ्या पाच स्टारमधला एक तिथेच गळला, उपकरणाची चूक नाही हे मान्य, पण मी आठवडाभर त्यालाच सर्वज्ञ समजून बसलो होतो आणि विकणारेही तसंच लिहितात.

नंतर बाकीच्यांच्या गाड्यांवर वापरला. भावाच्या गाडीत एअर फिल्टर बदलल्यापासून रेस दिली की जोरात हवा ओढल्यासारखा भसाभसा आवाज यायचा, उघडी नळी फिरवली, फिल्टरच्या डब्याची एक क्लिप लागलेलीच नव्हती. पाच मिनिटांचं काम. सासऱ्यांच्या डिझेल गाडीला पिकअप गेला होता आणि चढावर फुस्सस्स असा आवाज, तिथे मात्र आयडलला नळीत काहीच आलं नाही कारण टर्बोचा दाबच तयार होत नाही उभ्या गाडीत. शेवटी इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा गार करणारा भाग) होजला क्लॅम्पपाशी तेलकट डाग बघून कळलं. आणि डिझेलवाल्यांनी एक ध्यानात ठेवा, कॉमन रेल इंजिनात इंजेक्टरकडे जाणाऱ्या बारीक लोखंडी पाइपांतला दाब हजार बारच्याही वर जातो, तिथे लीक शोधायला बोट किंवा नळी नेऊ नका. पेट्रोलला इग्निशन कॉइलवर सळई टेकवू नका, झटका बसतो आणि तो थेट कानात बसल्यासारखा वाटतो.

जिथे हा अगदीच कुचकामी ते पण सांगतो. लोडखाली डब्यात गोट्या हलवल्यासारखा कडकड आवाज, म्हणजे नॉकिंग, उभ्या गाडीत येतच नाही तर ऐकणार काय. त्याला आधी पेट्रोल बरोबर भरलं का आणि फार कमी आरपीएमला वरच्या गिअरात ओढत तर नाही ना ते बघा. आतला सीव्ही जॉइंट (गिअरबॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा) गेला की रेस देताना गाडी थरथरते, तेही चालतानाच. चाकाच्या बेअरिंगचं गुणगुणणं गाडी वळवताना वजन कुठल्या चाकावर गेलं की वाढतं यावरून जास्त चांगलं कळतं, आणि चाक उचलून हाताने फिरवताना दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला तर बेअरिंगची खरखर बोटांना जाणवते, त्यापुढे हा स्टेथोस्कोप फिका. चालत्या गाडीसाठी ते चिमट्यावाले वायरलेस माइक मिळतात, वेगवेगळ्या भागांना लावून आत बसून एकेक चॅनल ऐकायचा, गॅरेज चालवत असाल तर तेच घ्या. आणि खालून जड ठक ठक येत असेल, त्यात ऑइलचा दिवा लागला असेल, तर काहीही कानाला लावू नका, इंजिन बंद करा आणि टो करून न्या.

वस्तूबद्दलच्या बारीक तक्रारी. कानातल्या टोप्या कडक प्लॅस्टिकच्या आहेत, पंधरा मिनिटांत कान दुखतात. सळईचे आटे व्हायब्रेशनने सैल होतात आणि मग सळई स्वतःच खणखणते, मी एकदा तेच टॅपेटचा (इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचा व्हॉल्व्ह हलवणारा भाग) आवाज म्हणून ऐकत बसलो होतो. सगळ्यात गंभीर म्हणजे नळी लांब आणि लोंबती आहे, चालत्या बेल्टच्या वर ती लोंबकळत असते आणि वाकलं की नेमकी तिकडेच जाते. मी आता एका हाताने नळी गोळा करून धरतो, बाह्या दुमडतो आणि रेडिएटरच्या पंख्यापासून लांब राहतो, तो पंखा मनाला येईल तेव्हा सुरू होतो, काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरसुद्धा. नळी वीतभर आखूड केली असती तर काय बिघडलं असतं कुणास ठाऊक.

लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून पण हे काम होतं असं लोक सांगतात, होतं, मी करून बघितलंय, खडखड ऐकायला चालतो. फुसफुस ऐकायला नाही. ती ऐकायला बागेतल्या रबरी पाइपाचा हातभर तुकडा चालेल, पण बाजूच्या पंख्याचा आणि रस्त्याचा आवाज कानाला बंद करायची सोय त्यात नाही, ती यात आहे, आणि नवीन सायलेन्सरच्या तुलनेत हा जवळपास फुकटच पडतो.

माझे चार स्टार. ती आयडलर पुली अजून तशीच आहे, महिन्यातून एकदा सळई टेकवून ऐकतो, खरखर गेल्या वेळेपेक्षा थोडी वाढलीय असं वाटतं, पुढच्या वेळी बेल्ट काढेन तेव्हा तिला बदलतो.